सुगम्यतेचें माप

ठाण्याचा आणि आगगाडीचा संबंध आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली उतारू गाडी एकवीस मैलांचें अंतर तोडून ठाण्यास आली, आणि पुढील वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, तोच लोहमार्ग कल्याणास पोंचला. त्या दिवसापासून या गांवांचें भवितव्य रुळांशीं जोडलें गेलें. परंतु गाडी दाराशीं आली म्हणजे प्रवास घडलाच असें होत नाहीं. फलाट आणि डब्याची पायरी यांच्यामध्यें राहणारें अंतर, चढावा लागणारा जिना, सूचना देण्याची रीति, या बारीकसारीक गोष्टींवर कोणाचा प्रवास होईल व कोणाचा होणार नाहीं हें ठरत असतें. धडधाकट माणसास तें अंतर दिसतच नाहीं. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्यास किंवा पांढरी काठी धरणाऱ्यास तें खाडीएवढें रुंद वाटतें.

आज आम्ही ज्या फलाटाविषयीं लिहिणार आहों तो दगडाचा नाहीं. या शतकाच्या आरंभीं कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेनें आपल्या कारभाराचें संगणकीकरण करून नागरिकांसाठीं सुविधा केंद्र उघडलें. हा प्रयोग इतका नांवाजला गेला कीं, राज्यांतील इतर नगरपालिकांनीं त्याच नमुन्यावर चालावें असें पुढें राज्य शासनानें ठरविलें. पाठोपाठ कराचा भरणा, जन्ममृत्यूचे दाखले, तक्रारी, हें सारें खिडकीवरून संकेतस्थळावर आलें. २०११ च्या जनगणनेंत ठाणें शहराची वस्ती सुमारें साडेअठरा लक्ष व कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लक्ष भरली. एवढ्या लोकांनीं रांगेंत उभें राहण्यापेक्षां घरीं बसून काम उरकावें, ही कल्पना उत्तमच होती. मात्र खिडकीपाशीं एक कारकून असे. तो रागावला तरी बोलत असे, आणि ज्यास दिसत नाहीं त्यास अर्ज वाचून दाखवीत असे. संकेतस्थळास असा कारकून नाहीं. त्याच्या बांधणींतच जें सौजन्य असेल तेवढेंच नागरिकाच्या वाट्यास यावयाचें.

हें सौजन्य मोजावें कसें, हाच आमचा विषय आहे. तो आमच्या मनांत कसा आला तें सांगितलें पाहिजे. डोंबिवलीस आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. आयुष्यभर त्यांनीं शिक्षकाचा पेशा केला. उतारवयांत दृष्टि गेली. तरीहि ते हार मानणारे नव्हेत. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी आज्ञावली, त्यांनीं सत्तरीच्या घरांत शिकून घेतली आणि कळफलकाच्या साहाय्यानें वर्तमानपत्र, पत्रव्यवहार, बँकेचा हिशेब ते स्वतः पाहूं लागले. गेल्या पावसाळ्यांत त्यांस एका सार्वजनिक कार्यालयाकडून दाखला हवा होता. अर्जाचे सर्व रकाने त्यांनीं बिनचूक भरले. शेवटीं, अर्जदार मनुष्य आहे कीं यंत्र, हें पारखण्यासाठीं वांकडीतिकडी अक्षरें असलेलें एक चित्र आलें. तीं अक्षरें ओळखून लिहावयाचीं होतीं. आज्ञावलीनें त्यांच्या कानांत एकच शब्द उच्चारला : ‘चित्र’. अखेर त्यांनीं शेजारच्या मुलास हांक मारली, आपली सर्व माहिती त्याच्यापुढें उघडी केली, आणि भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंकहि त्याच्याच हातीं दिला.

यानंतर त्यांच्या नातवानें त्याच पानाची सुगम्यता एका यंत्राकडून तपासून घेतली. यंत्रानें शंभरांपैकीं चौऱ्याण्णव गुण दिले! आजोबा हंसून म्हणाले, “उरलेले सहा गुण नेमके माझ्याच वाट्यास आले कीं काय?” बारकाईनें पाहतां उलगडा असा झाला कीं, ते सहा गुण कांहीं फिकट अक्षरांबद्दल कापले गेले होते, ज्यांचा आजोबांशीं कांहीं संबंध नव्हता. चित्राला मात्र पैकीच्या पैकीं गुण होते. कारण चित्रासोबत कांहीं तरी शब्द असला पाहिजे एवढाच यंत्राचा आग्रह होता, आणि ‘चित्र’ हा शब्द तेथें होता.

हे गुण देण्याची पद्धति आली कोठून? त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें ज्या जागतिक जाळ्याची कल्पना मांडली, त्याचीं आरंभींचीं पानें बहुतेक साध्या मजकुराचीं होतीं, आणि साधा मजकूर यंत्रास वाचून दाखविणें सोपें असतें. चित्रें, रंग, हलत्या पाट्या जसजशा वाढूं लागल्या, तसतसा अंध वाचक बाहेर पडूं लागला. प्रगति म्हणून जें जें आलें त्यानें कांहींजणांपुढें उघडें असलेलें दार लावून घेतलें, ही या इतिहासांतील पहिली विलक्षण गोष्ट होय. १९९६ मध्यें अमेरिकेंतील कास्ट या संस्थेनें ‘बॉबी’ नांवाची एक परीक्षक आज्ञावली काढली. इंग्लंडांत पोलीस शिपायास लाडिकपणें बॉबी म्हणतात. त्या शिपायाचें लहानसें चित्र ‘बॉबीमान्य’ पानांवर मिरवूं लागलें. १९९७ मध्यें जाळ्याच्या नियामक मंडळानें, म्हणजे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें, सुगम्यतेसाठीं स्वतंत्र उपक्रम सुरू केला, आणि ५ मे १९९९ रोजीं त्याचीं पहिलीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध झालीं. त्यांत चौदा तत्त्वें व पासष्ट कसोट्या होत्या.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शिपाई नियमांच्या आधीं नेमला गेला आणि कायदा मागाहून आला. पान खरोखर वाचतां येतें कीं नाहीं याहीपेक्षां शिपायाचें चित्र लावतां येतें कीं नाहीं, याकडे कित्येकांचें लक्ष लागलें. बॉबी पुढें विकला गेला व कालांतरानें बंदहि झाला. परंतु त्यानें लावलेली बिल्ल्याची आवड मात्र गेली नाहीं.

११ डिसेंबर २००८ रोजीं त्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ति निघाली, आणि तिनें विषयास पक्कें अधिष्ठान दिलें. पान इंद्रियांस जाणवावें, चालवितां यावें, समजावें, आणि निरनिराळ्या साधनांपुढें टिकावें, असे चार मूळ सिद्धान्त तिनें ठरविले. त्यांच्या पोटीं एकसष्ट कसोट्या आल्या व त्यांच्या तीन पायऱ्या पाडल्या गेल्या : ए, डबल ए आणि ट्रिपल ए. २०१८ च्या सुधारणेंत कसोट्या अठ्ठ्याहत्तर झाल्या, आणि २०२३ च्या सुधारणेंत शहाऐंशी. सामान्य अक्षर व त्याची पार्श्वभूमि यांच्या उजळपणांत निदान साडेचारास एक असें प्रमाण असावें. माउस न वापरतां सर्व कामें कळफलकावरून होतां यावीं. पानाची भाषा कोणती हें यंत्रास कळेल असें नोंदलेलें असावें : अशा या कसोट्या आहेत.

परंतु या ग्रंथाचें खरें मर्म कसोट्यांच्या संख्येंत नाहीं. एखादें पान अमुक पायरीवर पोंचलें असें म्हणावयाचें असेल तर त्या पायरीच्या सर्वच्या सर्व कसोट्या त्यानें उतरल्या पाहिजेत, असा त्याचा दंडक आहे. इतकेंच नव्हे, तर एखादें काम अनेक पानांतून पार पडत असेल तर त्या मालिकेंतील प्रत्येक पान उतरलें पाहिजे. म्हणजे मूळ शास्त्रकारांनीं सुगम्यतेची कल्पना सांखळीसारखी केली होती. कडी एक तुटली कीं सांखळी तुटली.

शंभरांपैकीं गुण देणारीं यंत्रें या शास्त्रावरच उभीं आहेत, पण त्यांची रीति उलट आहे. तीं सरासरी काढतात. गूगल कंपनीच्या लाइटहाउस या प्रसिद्ध साधनांत कांहीं ठराविक तपासण्या असतात. प्रत्येकीस वजन ठरलेलें असतें. उतरलेल्या तपासण्यांच्या वजनांवरून शून्य ते शंभर असा आंकडा निघतो. आतां सरासरी हें शाळेच्या परीक्षेस शोभणारें माप आहे. गणितांत कमी पडलेला मुलगा संस्कृतांत भरून काढतो, आणि त्यांत अन्याय नाहीं. परंतु जिन्याच्या वीस पायऱ्यांपैकीं एक पायरी नसेल तर त्या जिन्यास आपण शंभरांपैकीं पंचाण्णव गुण देऊं काय? ज्याचा पाय त्या पोकळींत पडतो त्याच्या लेखीं तो जिना नाहींच. सुगम्यतेचा गुणांक वाचतांना होणारी सर्वांत मोठी चूक हीच कीं, जें सांखळीनें मोजावयाचें तें आपण सरासरीनें मोजतों.

दुसरी मर्यादा यंत्राच्या आकलनाची. २०१७ मध्यें ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागानें मुद्दाम एक सदोष पान रचलें. त्यांत सुमारें एकशें चाळीस अडथळे पेरले आणि निरनिराळ्या परीक्षक यंत्रांस तें तपासावयास दिलें. सर्वांत कुशल यंत्रासहि त्यांपैकीं चाळीस टक्क्यांच्या आसपासच अडथळे सांपडले, आणि जवळजवळ तीन-दशांश अडथळे तर एकाहि यंत्रास दिसले नाहींत. २०१९ मध्यें व्हिएन्नाचे मानुएल माटुझोविच यांनीं याच्या पुढची गंमत केली. कोणासहि वापरतां येणार नाहीं असें पान त्यांनीं बुद्ध्या तयार केलें, आणि लाइटहाउसकडून त्यास शंभरांपैकीं शंभर गुण मिळवून दाखविले. त्या साधनाचे कर्तेहि हें नाकारीत नाहींत. उरलेली तपासणी मनुष्यानें करावी अशी सूचना तें स्वतःच देतें. परंतु आंकडा मोठ्या वर्तुळांत हिरवा दिसतो आणि सूचना खालीं बारीक अक्षरांत असते. डोळस मनुष्यासहि कांहीं मजकूर कसा दिसत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण नसेल.

आतां आमच्या भाषेपुरतें पाहूं. कारण मराठी पानाचे कांहीं दोष असे आहेत कीं, ते परदेशीं बनलेल्या मापास सहसा दिसत नाहींत. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत देवनागरीला १९९१ मध्येंच स्थान मिळालें होतें. तथापि त्यानंतरहि पुष्कळ वर्षें मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉन्टांत लिहिला जात असे. त्यांची युक्ति अशी कीं, पोटांत रोमन अक्षर ठेवावयाचें आणि वर त्यास मराठी अक्षराचा मुखवटा चढवावयाचा. डोळ्यांना तें मराठी दिसे. कानांना ऐकविणारें यंत्र मुखवटा पाहत नाहीं, तें पोटांतलें रोमन अक्षर वाचतें. अंध वाचकापुढें सरकारी सूचनेऐवजीं निरर्थक अक्षरांची रास येऊन पडे. अशाच अडचणींतून ब्रेल लिपि पूर्वीं गेली होती. ॲना मिलार्ड या अमेरिकन बाईंनीं १९०० मध्यें मुंबईंत अंधांची शाळा काढली, जी आज दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते. त्या काळीं हिंदुस्थानांत ब्रेलच्या अनेक परस्परविरोधी पद्धति चालत होत्या, आणि सर्व भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल १९५१ मध्यें ठरली. ठिपक्यांच्या बाबतींत जी एकवाक्यता पन्नास वर्षांनीं झाली तिची गरज संगणकाच्या अक्षरांत आम्हांस पुन्हां पहिल्यापासून शिकावी लागली.

फॉन्टांचा घोळ बराच ओसरला असला तरी त्याचीं भावंडें आहेत. कागद टाइप करावा, छापावा, त्यावर सही-शिक्का करावा, आणि मग त्याचें छायाचित्र काढून संकेतस्थळावर ठेवावें, ही कचेऱ्यांची जुनी संवय आहे. त्या छायाचित्रांत अक्षर नसतें, अक्षराची आकृति असते. पानाचा गुणांक काढणारें साधन त्या पानावरील दुवा तपासतें. दुव्यापलीकडचा कागद तें सहसा उघडीत नाहीं. तसेंच पानाची भाषा मराठी असूनहि नोंद इंग्रजीची असली म्हणजे इंग्रजी उच्चाराचा आवाज मराठी वाक्यें वाचूं लागतो. भाषेची नोंद आहे काय, हें यंत्र पाहतें. ती खरी आहे काय, हें बहुधा पाहत नाहीं. ज्यानें एकदां तें वाचन ऐकलें आहे, त्यास शंभर गुणांचें कौतुक वाटणार नाहीं.

यावरून गुणांक निरुपयोगी आहे असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. न मोजलेल्या गोष्टीकडे राज्यकर्त्यांचें लक्ष जात नाहीं, हें अनुभवाचें बोल आहेत. वेबएम ही अमेरिकन संस्था जगांतील दहा लक्ष प्रमुख संकेतस्थळांचीं मुखपृष्ठें दरवर्षीं यंत्रानें तपासते. २०१९ मध्यें त्यांपैकीं ९७.८ टक्के पानांवर दोष आढळले. २०२५ मध्यें ९४.८ टक्के. सहा वर्षांत अवघी तीन टक्क्यांची सुधारणा, हें दुःखद सत्य मोजलें म्हणून तर कळलें. यंत्र स्वस्त आहे, थकत नाहीं, आणि फिकट अक्षरें, बिननांवाचे रकाने, वर्णनहीन चित्रें असे उघड दोष क्षणांत दाखवितें. तापमापक घरांत असावाच. केवळ त्याच्या भरंवशावर वैद्यास रजा देऊं नये, इतकेंच.

आमच्या देशांतील कायद्याचा प्रवासहि याच प्रश्नाभोंवतीं फिरतो. अपंग व्यक्तींसाठीं पहिला व्यापक कायदा १९९५ मध्यें झाला. २००९ मध्यें सरकारी संकेतस्थळांसाठीं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें मार्गदर्शक नियम तयार केले. ३ डिसेंबर २०१५ रोजीं सुगम्य भारत अभियान सुरू झालें, आणि त्यांत इमारती व वाहनें यांच्या बरोबरीनें संकेतस्थळेंहि आलीं. २०१६ च्या नव्या कायद्यानें अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले व सुगम्यता हें शासनाचें कर्तव्य ठरविलें. २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत एकोणतीस लक्षांहून अधिक अपंग व्यक्ति होत्या. तेव्हां हा प्रश्न मूठभरांचा नव्हे.

तरीहि कायदा आणि नियम यांच्यांत एक फट राहिली होती. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनीं २००५ मध्यें दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें दाखविलें कीं, कायदा ‘केलेंच पाहिजे’ असें म्हणतो, आणि २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम मात्र शिफारशींच्या पोथ्यांकडे बोट दाखवितो. हा विरोध कायद्यास धरून नाहीं असें ठरवून न्यायालयानें सांगितलें कीं, ज्यांस फांटा देतां येणार नाहीं अशा किमान अटी निराळ्या काढा आणि त्या बंधनकारक करा. हळूहळू गांठावयाचीं उद्दिष्टें निराळीं ठेवा. हाच तो सांखळी व सरासरी यांतील भेद. किमान अटींची सरासरी काढतां येत नाहीं. चढत्या उद्दिष्टांना खुशाल गुण द्यावे.

पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं प्रज्ञा प्रसून व अमर जैन यांच्या प्रकरणांत न्यायालयानें आणखी एक पाऊल टाकलें. आम्लहल्ल्यांत डोळ्यांस गंभीर इजा झालेल्या स्त्रीनें ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यापुढें पापणी मिटून दाखवावी, असा यंत्राचा हट्ट होता! डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असें न्यायालयानें म्हटलें. ठराविक काळानें सुगम्यतेची तपासणी व्हावी असें बजावलें. आणि त्या परीक्षेंत दृष्टिहीन व्यक्तींस सहभागी करून घ्यावें असेंहि सांगितलें. पहिल्या शिपायाच्या नेमणुकीपासून एकोणतीस वर्षांनीं, ज्याच्यासाठीं दार बांधलें त्यासच तें उघडतें काय असें विचारण्याची पाळी आली.

मग ठाणें, कल्याण व डोंबिवली या गांवांनीं काय करावें? आमची सूचना साधी आहे. पानांस गुण देण्याआधीं कामांस गुण द्यावे. नागरिकास वर्षभरांत जीं दहा कामें पडतात त्यांची यादी करावी : मालमत्तेचा कर भरणें, जन्माचा दाखला मागणें, पाण्याची तक्रार नोंदविणें, सभेची सूचना वाचणें, इत्यादि. मग एका दृष्टिहीन, एका मंददृष्टि, एका बहिऱ्या, आणि हात नीट न चालणाऱ्या एका नागरिकास, योग्य मोबदला देऊन, तीं कामें आरंभापासून अखेरपर्यंत करावयास सांगावें. प्रत्येक कामापुढें दोनच शेरे असावे : एकट्यानें झालें, किंवा झालें नाहीं. ‘शेजाऱ्याच्या मदतीनें झालें’ हें न झाल्यांतच धरावें. यंत्राचा गुणांक खुशाल सोबत छापावा, पण या यादीच्या खालीं. दहांपैकीं तीन कामें झालीं हा आंकडा चौऱ्याण्णवापेक्षां लाजिरवाणा दिसेल. परंतु तो खरा असेल, आणि कोणती कडी तुटली आहे तेंहि तो सांगेल.

आमच्या स्नेह्यांस दाखला मिळाला. त्यांच्या दृष्टीनें मात्र तें काम अद्याप झालेलें नाहीं. शेजारच्या मुलाच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांस तिळमात्र शंका नाहीं. पण जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांस वाचावयास शिकविल्यावर स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला, हें त्यांस लागलें आहे. पुढील वर्षीं तोच दाखला पुन्हां काढावा लागणार आहे. त्या वेळीं आपण मुलास हांक मारणार नाहीं, असें त्यांनीं आम्हांस बजावून सांगितलें आहे. त्यांचा तो निश्चय पार पडतो कीं नाहीं, यावरूनच त्या पानाचे खरे गुण ठरतील.